तळपायावरचा तीळ: त्वचेचा कर्करोग कसा ओळखतात आणि पेशीत नेमकं काय बिघडतं

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



सुरुवातीलाच एक विनंती करतो. आज घरी जाऊन पाय धुवाल तेव्हा एकदा दोन्ही तळपाय वर करून बघा. बोटांच्या बेचक्या बघा, नखं बघा. वाकता येत नसेल तर घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. ही विनंती का करतोय ते सांगण्यासाठीच आजचं बोलणं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक नमुना आला. मी पॅथॉलॉजिस्ट. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि आजार कोणता ते सांगायचं, हे माझं काम. नमुना टाचेचा होता. पन्नाशीच्या एक बाई, आयुष्यभर शेतात राबलेल्या. टाचेवर काळा डाग होता, तो घरच्यांना कुरूप वाटला. कुरुपाची पट्टी लावून झाली. मग कुणीतरी ब्लेडनं तासून दिलं. ते चिघळलं, म्हणून मलम लावलं. असं करता करता दीड वर्ष गेलं, जांघेत गाठ आली, आणि तेव्हा कुठे तुकडा तपासायला पाठवला गेला. रिपोर्टवर ‘मेलॅनोमा’ लिहिताना मला राहून राहून एकच वाटत होतं: हा आजार पोटात नव्हता, फुफ्फुसात नव्हता. दीड वर्ष उघड्यावर होता. फक्त तिथेही बघायचं असतं, हे कुणाला माहीत नव्हतं.

त्वचेच्या कर्करोगाबद्दल आपल्याकडे तीन वाक्यं ऐकू येतात. तो उन्हामुळे होतो. तो गोऱ्या लोकांना होतो. आपल्याला होत नाही. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, आणि अडचण तिथेच आहे. मेलॅनोमाचं प्रमाण भारतात दरवर्षी लाखामागे एकाहूनही कमी आहे. ऑस्ट्रेलियात ते लाखामागे तिसाच्या वर जातं. म्हणजे आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे हे खरंच. पण ज्यांना होतो त्यांच्यात तो बऱ्याचदा उशिरा सापडतो, कारण आपण तो चुकीच्या जागी शोधतो. चुकीच्या जागी का, याचं उत्तर पेशीच्या आत आहे. तिकडे जाऊ.

एक पातळ थर, तीन आजार

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्या तळाशी पेशींची एक रांग असते, त्या बेसल पेशी. त्या सतत विभागतात, नव्या पेशी वर सरकतात, चपट्या होत जातात आणि शेवटी मरून गळून पडतात. हा साधारण महिनाभराचा प्रवास. वजरीनं टाच घासताना जे निघतं ते बहुतांशी या मेलेल्या पेशीच. आणि तळाच्या रांगेत मधूनमधून बसलेल्या असतात रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात.

या पेशींवरून तीन मुख्य कर्करोगांची नावं पडली आहेत. बेसल पेशींशी साम्य असलेला बेसल सेल कार्सिनोमा: जागच्या जागी पोखरतो, दूर सहसा जात नाही. वरच्या चपट्या पेशींचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा: काही रुग्णांत पसरतो. आणि रंगपेशींचा मेलॅनोमा. तिघांत संख्येनं सगळ्यात कमी, पण त्वचेच्या कर्करोगांमुळे होणाऱ्या मृत्यूंत सगळ्यात मोठा वाटा याचा.

आता एक गंमत बघा. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या कणांत. आपल्याकडे ते कण मोठे आणि जास्त असतात. रंगपेशी हे कण शेजारच्या पेशींना वाटून देते आणि ते त्या पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरतात. छत्रीखाली असतो डीएनए.

ऊन डीएनएचं काय करतं?

डीएनए ही चार अक्षरांची लांबलचक माळ: ए, टी, जी आणि सी. अतिनील किरण पडले की शेजारशेजारची दोन अक्षरं, विशेषतः टी आणि सी, एकमेकांना चिकटतात. पेशी विभागताना माळेची नक्कल करायची असते, तिथे वाचन चुकतं, आणि सीच्या जागी टी लिहिला जातो. कधी कधी शेजारच्या दोन सींच्या जागी दोन टी येतात. हा दुहेरी बदल इतका वैशिष्ट्यपूर्ण आहे की तो अतिनील किरणांची सहीच मानला जातो. १९९१ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटानं स्क्वॅमस सेल कर्करोगांतलं पी-५३ हे जनुक वाचलं, तेव्हा त्यात हीच सही सापडली. पी-५३ चं काम तपासनिसाचं: डीएनए बिघडला असेल तर विभाजन थांबवायचं, दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर पेशीला मरायला लावायचं. तपासनीसच निकामी झाला तर बिघडलेल्या पेशीला अडवणार कोण?

अर्थात पेशी हात बांधून बसत नाही. चिकटलेला भाग कापून काढायचा आणि तिथे नवा तुकडा बसवायचा, अशी दुरुस्तीची यंत्रणा तिच्यात असते. तिचं महत्त्व एका आजारानं शिकवलं. झेरोडर्मा पिगमेंटोसम. या मुलांना उन्हात नेलं की त्वचा भाजते, लहान वयातच चेहऱ्यावर ठिपके उठतात, आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या हजारो पट असतो. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखवून दिलं की या मुलांच्या पेशींत हीच दुरुस्ती होत नाही. ही दुरुस्ती कशी चालते ते उलगडणाऱ्या अझीझ संजार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. हा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत यावी लागते. त्यामुळे नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आपल्याकडेही अशी मुलं आहेत. त्यांच्यासाठी ऊन टाळणं हाच मुख्य उपचार.

आणखी एक प्रयोग सांगतो. २०१५ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या संशोधकांनी चार माणसांच्या पापण्यांची त्वचा घेतली. पापणीची शस्त्रक्रिया झाली होती, त्यात निघालेली, दिसायला अगदी चांगली त्वचा. तिचे २३४ बारीक तुकडे करून डीएनए वाचला. साधारण चौथा हिस्सा पेशींत कर्करोगाला हातभार लावणारा निदान एक बदल आधीच होता! आणि कर्करोग मात्र नव्हता. हे लक्षात ठेवा. एक बदल म्हणजे कर्करोग नव्हे.

ऊन हे एकच कारण नाही

त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास उन्हापासून सुरू होतच नाही. १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, आणि कारण आहे काजळी. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली स्पष्ट नोंद समजली जाते. पुढे भाजल्याच्या जुन्या व्रणांतून उठणाऱ्या कर्करोगाला फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांचं नाव मिळालं. काश्मिरात कांगडी पोटाशी धरून ऊब घेणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोगही याच जातीचा.

आणि एक नोंद थेट आपल्या मुंबईची आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर पॅथॉलॉजीचं काम बघत होते. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी भारतातल्या राहणीच्या सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात धोतराचा कर्करोग आहे. कमरेला रोज त्याच जागी धोतर घट्ट आवळलं जातं, काचतं, त्या पट्ट्यातली कातडी आधी काळी पडते, मग जाड होते, खरबरीत होते, आणि वर्षानुवर्षांनी एखाद्याला तिथे न भरणारी जखम होते. पुढे लुगड्याच्या, परकराच्या नाडीखालीही तेच दिसलं. इथे ऊन कुठे आहे? कमरेला कधी ऊन लागतं का? इथे कारण आहे घासणं. कातडी पुन्हा पुन्हा दुखावते, पेशींना पुन्हा पुन्हा विभागून ती भरावी लागते, आणि प्रत्येक विभाजनात चुकीची एक संधी असते. हे खूप थोड्यांना होतं, घाबरू नका. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरला आणि वळाची जागा बदलत राहिलं, तरी पुरतं.

तीळ म्हणजे थांबलेली धाव

आता मेलॅनोमाकडे वळू. २००२ मध्ये सँगर संस्थेच्याच पुढाकारानं झालेल्या कामात ‘बी-रॅफ’ नावाच्या जनुकातला एक बदल मेलॅनोमात मोठ्या प्रमाणावर सापडला. आज आपण म्हणतो की त्वचेच्या साधारण निम्म्या मेलॅनोमांत तो असतो. बी-रॅफचं काम बाहेरून आलेला ‘वाढ’ हा निरोप आत पोचवायचं. निरोप आला की चालू, एरवी बंद. या बदलात प्रथिनाच्या माळेतला ६०० व्या जागचा एक मणी बदलतो, आणि बी-रॅफ चालूच राहतं. दाराच्या घंटीचं बटण दाबलेलंच अडकून बसावं, तसं. दारात कुणी नाही, पण घंटी वाजतेच आहे.

पण पुढच्याच वर्षी कोडं समोर आलं. हाच बदल साध्या तिळांतही सापडला, आणि थोड्याथोडक्या नाही, बहुसंख्य तिळांत! मग तीळ कर्करोग का नसतो? २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उत्तर दिलं. बटण अडकलं की रंगपेशी काही काळ जोरात विभागते, मग तिच्यातली रोखणारी जनुकं जागी होतात आणि तिला कायमची थांबवतात. म्हणजे तुमच्या-माझ्या अंगावरचा तीळ ही सुरू होऊन थांबलेली धाव आहे. मेलॅनोमा व्हायला या रोखणाऱ्या जनुकांतही बिघाड व्हावा लागतो, आणि पेशीला विभागण्याची मर्यादा ओलांडता यावी लागते. म्हणूनच लाखो तिळांतला एखादाच बिघडतो.

या शोधाचा उपयोग किती लवकर झाला बघा. २०११ मध्ये अमेरिकेत वेमुराफेनिब या औषधाला मान्यता मिळाली. ते अडकलेल्या बी-रॅफलाच जाऊन बसतं. अंगभर पसरलेल्या गाठी काही आठवड्यांत वितळल्यासारख्या झाल्या. पण बहुतेकांत काही महिन्यांनी परत आल्या, कारण पेशीनं निरोप पोचवायला दुसरी वाट काढली होती. मग ती पुढची वाटही अडवणारं औषध जोडीला दिलं जाऊ लागलं. त्याच २०११ मध्ये दुसरा मार्ग उघडला. कर्करोगाला मारायचं नाही, आपल्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढायचा. यामागच्या मूलभूत शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पूर्वी पसरलेल्या मेलॅनोमात निम्मे रुग्ण वर्षभरही काढत नसत. अशी दोन औषधं एकत्र देऊन झालेल्या एका मोठ्या चाचणीत निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण पाच वर्षांनी हयात होते.

मग आपल्या टाचेचं काय?

आता त्या बाईंकडे परत येऊ. तळहात, तळपाय आणि नखाखाली होणाऱ्या मेलॅनोमाला अ‍ॅक्रल मेलॅनोमा म्हणतात. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांत मेलॅनोमा झालाच तर तो प्रामुख्यानं इथे होतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या बोटाच्या नखाखाली तो निघाला. आधी फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते गेले.

तळव्याच्या कातडीला ऊन जवळजवळ लागतच नाही. मग हा आजार येतो कुठून? २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १८३ मेलॅनोमांचा संपूर्ण डीएनए वाचला. उन्हातल्या त्वचेच्या मेलॅनोमांत अतिनील किरणांची सही पानोपानी होती. अ‍ॅक्रल मेलॅनोमांत मात्र अक्षरांच्या चुका कमी आणि मोडतोड जास्त. पुस्तकाची पानंच फाटलेली, उलटीसुलटी चिकटवलेली, काही पानांच्या दहा-दहा प्रती. म्हणजे नाव एक, पण जात वेगळी. बी-रॅफचा बदल यात कमी रुग्णांत असतो. काहींत ‘किट’ या जनुकात बदल असतो, आणि त्यांतल्या काहींना इमॅटिनिब लागू पडतं. रक्ताच्या कर्करोगावरचं म्हणून ते आपल्याकडे माहीत आहे. प्रतिकारशक्तीची औषधंही या प्रकारात तुलनेनं कमी चालतात.

कारणाचा एक धागा जपानमधून मिळाला. तिथल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये रुग्णांच्या तळपायांचे नकाशे काढले. टाच आणि चवडा, जिथे शरीराचा भार पडतो, तिथे मेलॅनोमांची गर्दी होती. पायाच्या कमानीत, जिथे भार पडत नाही, तिथे कमी. पुन्हा दाब आणि घर्षण. खानोलकरांच्या कमरेच्या वळाची आठवण होते ना? पेशी वेगळी, आजार वेगळा, पण विचारायचा प्रश्न तोच: या जागेवर रोज काय बेततं?

ओळखायचं कसं?

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी सामान्य माणसाला लक्षात ठेवता येतील अशा खुणा सांगितल्या. पुढे त्यांत एकीची भर पडली. त्या अशा: डागाचे दोन अर्धे सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, रंग एकसारखा नसणं, आकार सहा मिलिमीटरपेक्षा मोठा असणं, आणि बदलत जाणं. उत्तम खुणा आहेत. पण त्या मुख्यतः गोऱ्या त्वचेवरचे डाग बघून बसवलेल्या. तळव्यावर त्या अपुऱ्या पडतात, कारण तिथे आजार कधी भोवरीसारखा, कधी चामखिळीसारखा, कधी नुसत्या न भरणाऱ्या जखमेसारखा दिसतो. काही तर काळेही नसतात. म्हणून तळव्यासाठी साधा नियम ठेवा: जखम किंवा कुरूप दोन महिन्यांत बरं होत नसेल, रक्त येत असेल, किंवा काळा डाग वाढत असेल, तर दाखवायचं.

डॉक्टर काय करतात? डर्मोस्कोप नावाचं प्रकाशाचं भिंग लावतात. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात, उंचवटे आणि खाचा. जपानच्या तोशिआकी सैदा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रंग खाचांत साचला असेल तर बहुधा साधा तीळ. उंचवट्यांवर असेल तर मेलॅनोमाचा दाट संशय. एवढ्या छोट्या निरीक्षणानं कितीतरी लोकांची चिंता मिटते आणि कितीतरी जणांचा आजार वेळेत सापडतो.

मग बायॉप्सी, आणि तिथून नमुना माझ्याकडे. मी मोजतो ती जाडी. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये सांगितलं की मेलॅनोमा किती रुंद आहे यापेक्षा किती खोल गेलाय ते महत्त्वाचं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर दहांतले नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांनी ठणठणीत असतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेला की आकडे झपाट्यानं खाली येतात. इतके सगळे रेणू, जनुकं, नोबेल पारितोषिकं, आणि शेवटी निम्मं भवितव्य ठरतं एका मिलिमीटरवर. ब्लेडनं तासलेल्या टाचेत तर ती जाडीही नीट मोजता येत नाही.

संगणकाचं काय? २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं सुमारे १ लाख २९ हजार छायाचित्रं शिकवून एक प्रणाली बनवली. ती त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीनं निदान करू लागली. पण २०२२ मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या रुग्णांची छायाचित्रं देऊन अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्या अडखळल्या. साहजिक आहे. जे दाखवलं नाही ते यंत्र ओळखणार कसं? माणसाचंही तसंच आहे. त्या बाईंच्या घरच्यांना तरी कुणी दाखवलं होतं?

प्रश्न असतील तर विचारा.

श्रोत्यांचे प्रश्न

बायॉप्सी केली, सुरी लागली, की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं आहे का?

नाही. नीट केलेल्या बायॉप्सीमुळे मेलॅनोमा पसरतो असा पुरावा नाही. शक्य असेल तर डाग पूर्ण, कडेची थोडी चांगली कातडी घेऊन, पूर्ण खोलीसह काढतात. बायॉप्सी टाळण्यात जे महिने जातात, त्यांत तो पसरतो.

माझ्या अंगावर भरपूर तीळ आहेत. नखावर काळ्या रेघाही आहेत. काळजी करायची का?

तुमचे तीळ एकमेकांसारखे असतात. त्यांत एखादा वेगळाच दिसत असेल, तर तो दाखवा. नखांचं म्हणाल तर आपल्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर बारीक रेघा असणं सामान्य आहे. एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत चालली, किंवा काळा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर थांबू नका. नखुर्डं समजून सोडून देऊ नका.

मग आम्ही सनस्क्रीन लावायचं की नाही?

ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांत रोज सनस्क्रीन लावल्यानं स्क्वॅमस सेल कर्करोग आणि मेलॅनोमा कमी झाल्याचं दिसलं आहे. आपल्यात ज्यांच्या त्वचेत जन्मतः रंगद्रव्य नसतं, म्हणजे अल्बिनिझम असलेली माणसं, आणि मघाशी सांगितलेली झेरोडर्माची मुलं, यांच्यासाठी ऊन टाळणं, पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन हे सगळं अत्यावश्यक आहे. इतरांनी लावलं तर चांगलंच. पण तळपायाच्या मेलॅनोमावर सनस्क्रीन हा उपाय नाही. तिथे उपाय एकच, बघणं.

डाग दिसला तर आधी काय करायचं?

कापायचं नाही, तासायचं नाही, कुरुपाचं औषध लावून बघायचं नाही. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, तारीख लिहा, आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. बहुतेकांना डॉक्टर सांगतील, काही नाही, साधा तीळ आहे. हसत घरी या. पण एकदा दाखवून या.